काय दिसतं ते सांग

५ फेब्रुवारी, सोमवार

आज मी गाडी जाळली.

दुपारपासून सगळ्यांना 'गाडी बंद पडली' असं सांगतेय. वहीशी कशाला खोटं बोलू? बंद पडली नाही, मी बंद पाडली.

बारा वाजता दातांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात पोचायचं होतं. शेजारच्या सीटवर डब्यात एका मास्तरांची कवळी. मास्तरांचा उद्या शाळेत निरोपसमारंभ, तासभर भाषण करणार, आणि तोंडात दात नाहीत. कवळ्या करणं हा माझा धंदाच, पण अशी घाईची कवळी वर्षातून एखादीच. चढावर उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात गेलेला मी पाहिला. पाहिला, आणि मनात म्हटलं, एकच किलोमीटर राहिलाय, रेटू या.

त्या एका किलोमीटरात आधी बॉनेटमधून शिट्टी आली, मग पांढरी वाफ, मग भांडं रिकामं होईपर्यंत दूध उतू जावं तसा आवाज, आणि मग काहीच नाही. उरलेला रस्ता डबा छातीशी धरून चालत गेले. मास्तरांना दात मिळाले. आजच्या दिवसात तेवढंच सरळ झालं.

डॉक्टरबाईंनी दवाखाना अर्धा तास बंद ठेवून आपल्या गाडीला दोरी बांधून माझी गाडी घरापर्यंत ओढत आणली. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

इंजिनाचा आवाज न होता गाडी फाटकातून आत आली, तसे नाना ओट्यावरून उठले. नाना म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. ही गाडी त्यांचीच, बावीस वर्षांची. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले.

"किती चालवलीस?"

"एक किलोमीटर."

"काटा लालमध्ये असताना?"

"हो."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. आत निघून गेले, चहाही तसाच ठेवला.

सात महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःहून चावी माझ्या हातात दिली. म्हणाले, गुडघा ऐकत नाही, आता तू चालव. दर रविवारी बॉनेट उघडून ऑइल-पाणी बघायचं काम मात्र सोडलं नाही. कालच बघून म्हणाले होते, "पाणी भरलेलं आहे." म्हणजे माझ्या हातात गाडी धडधाकट दिली होती.

६ फेब्रुवारी, मंगळवार

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला. ऑइलची पट्टी बाहेर काढून माझ्या नाकासमोर धरली. जास्त दूध घातलेल्या चहासारखा रंग.

"काकी, ऑइलमध्ये पाणी शिरलं. हेड गेलं. एवढ्या जुन्या गाडीला कोण हात लावणार? भंगारात द्या."

नाना ओट्यावरून म्हणाले, "रंग दुधाळ आहे की करडा?"

"या ना, बघा इथे."

"मी तुला विचारलं."

"दुधाळ."

"मग वेळेत बंद पडली, आतलं लोखंड झिजलेलं नाही. जा तू."

बिचारा गेला. त्याचं काय चुकलं होतं? मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

मग नानांनी मला बसवून समजावलं. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वर झाकणासारखं बसतं ते हेड. वरचा जबडा आणि खालचा जबडा, तुझ्या भाषेत. मधे पत्र्याचं पातळ गॅस्केट. इंजिन तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जळतं, आणि पाणी ऑइलमध्ये, ऑइल पाण्यात. हेड उतरवायचं, सपाट करून आणायचं, नवं गॅस्केट घालून परत बसवायचं.

"तुम्हाला जमेल ना? मी हाताशी राहीन," मी म्हटलं.

"मी नाही. तू."

"मी? नाना, मी दात करते."

"तेच म्हणतोय. केसाएवढा फरक तुला कळतो. माझ्या तोंडात तुझंच काम आहे, दहा वर्षं शेंगदाणे फोडतोय."

"पण तुम्ही समोर असताना मी कशाला..."

"तू जाळलीस, तूच दुरुस्त करायची."

मान खाली घातली. त्यांचं बरोबर आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

बोटीवरून नवऱ्याचा फोन आला. हा बोटीवर स्वयंपाकी. नानांच्या घरात पाना धरणारा मुलगा झाला नाही, झारा धरणारा झाला. मी सांगितलं, मी इंजिन उघडतेय. आधी हसला, मग म्हणाला, "नाना उघडू देतायत? त्यांनी मला कधी बॉनेटला हात लावू दिला नाही."

शेडमध्ये लाकडी स्टूल ठेवला. नाना त्यावर बसतात, गाडीकडे तोंडही नीट करत नाहीत, बागेकडे बघत बोलतात. राग आहे हो अजून. पण शिकवतात. त्यांनी सुरुवातीला एकच नियम घातला:

"मी विचारेन 'काय दिसतं'. जे दिसतं तेच सांगायचं. तुला काय वाटतं ते नंतर."

बॅटरी सोडवली. रेडिएटरमधलं पाणी काढलं. बादलीत जेमतेम तांब्याभर आलं. "एवढंच?" नानांनी विचारलं. "एवढंच." नानांनी बादलीत हात घालून चाचपलं. बाकीचं सगळं माझ्या किलोमीटरात उडून गेलं असणार.

११ फेब्रुवारी, रविवार

आज चारही सिलिंडरचे स्पार्क प्लग काढले आणि ओळीने कापडावर ठेवले.

"काय दिसतं ते सांग."

"पहिला आणि चौथा तपकिरी, बिस्किटासारखा. दुसरा आणि तिसरा स्वच्छ. नव्यासारखे."

"स्वच्छ म्हणजे चांगले का?"

"तुम्हीच म्हणालात, वाटतं ते नंतर."

नाना हसले! सहा दिवसांनी पहिल्यांदा. म्हणाले, "आत शिरलेल्या पाण्याची वाफ झाली की प्लग धुऊन निघतो. गॅस्केट दोन आणि तीनच्या मधे फुटलंय. हेड न उघडता तुला आतलं दिसलं. याला म्हणतात निदान."

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्याकडे बघून तोंडभर हसले. त्यांनी काहीच दाखवलं नाही, तसेच बघत राहिले माझ्या खांद्यावरून. घडीभर हसले, लगेच दार बंद. एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं? शिकवतायत हे काय थोडं आहे?

दुपारी ताई आली. ताई म्हणजे नणंद. फाटकाशी उभी राहून माझे काळे हात बघत बसली, तोंडाला पदर लावून हसू दाबत. नाना तिच्याकडे तोंड करूनच बसले होते, पण बोलावलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "काय हो नाना, लेकीला बस म्हणायचंही नाही?" तर केवढे दचकले! "अगं, तू होय," म्हणाले. ताई चहा घेताना मला हळूच म्हणाली, "म्हातारपणात माणूस विचारात हरवतो गं. माझ्याकडे घेऊन जाऊ का थोडे दिवस?" नानांनी आतून ऐकलं. म्हणाले, "मी कुठे जाणार नाही. काम चालू आहे."

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर सात दात, दोन कवळ्या. संध्याकाळी तासभर शेड. पाण्याच्या पंपाखाली हिरवट पांढरी पुटं दिसली, खडूसारखी. नानांनी विचारलं, "ओली की वाळलेली? एक थर की बरेच?"

"वाळलेली. थरावर थर. ही काही एका दिवसाची गळती नाही नाना, महिन्याभराची तरी असेल."

नाना उठले आणि न बोलता आत गेले. मी रोज गाडी चालवत होते, महिनाभर गळणारं पाणी मला दिसू नये? त्यांना राग येणारच.

१७ फेब्रुवारी, शनिवार

हेड उतरवलं!!

दहा बोल्ट. बाहेरून आत, थोडे थोडे, एकदम कोणताच सोडायचा नाही. "घाबरलेल्या माणसाचा हात सोडवतात तसं," नाना म्हणाले. सहावा बोल्ट सुटताना करकरला. नाना स्टुलावरूनच म्हणाले, "थांब. पाव फेरा मागे घे. आता परत." सुटला. त्यांना तो आवाजावरून कळला. माझ्यापेक्षा आधी.

पलीकडच्या बंगल्यातल्या निवृत्त पोस्टमास्तरांना हाक मारली, आम्ही दोघांनी हेड उचललं. सत्तर वर्षांचे गृहस्थ, पांढरा सदरा, त्यावर काळा डाग. म्हणाले, "राहू दे, आयुष्यभर शाईचे डाग मिरवले, एक ऑइलचा." अशी माणसं शेजारी असायला नशीब लागतं.

गॅस्केट जळलं होतं, दोन आणि तीनच्या मधेच, नखाएवढी काळी फट. नानांनी ते हातात घेतलं आणि अंगठ्याने कडेकडेने चाचपत गेले. फटीवर अंगठा थांबला.

"इथे," म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, "इथेच ना?" मान हलवलेली चालत नाही त्यांना, तोंडाने बोलावं लागतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, यांच्याशी बोलणं म्हणजे कोर्टात साक्ष.

गॅस्केटचे तुकडे हेडला चिकटून बसले होते. मी माझ्या दातांच्या हत्यारांतली बारीक टोकणी काढली तर आवाज ऐकूनच ओरडले, "लोखंड नको! हेड ॲल्युमिनियमचं आहे, दाढ नाही!" मग लाकडाच्या पट्टीने दोन तास खरवडलं. उद्या खांदा उचलणार नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

हेड लेथवाल्याकडे नेलं. हा नानांचा जुना शागीर्द, आता स्वतःचं वर्कशॉप. त्याने सरळ पट्टी हेडवर आडवी ठेवली आणि मला खाली वाकून बघायला लावलं. मधोमध उजेडाची रेघ. म्हणजे तेवढं वाकलंय. मला लगेच कळलं, कवळी टेबलावर डुगडुगते तसंच.

रांगेत चार कामं होती, ती बाजूला ठेवून त्याने माझं हेड मशीनवर चढवलं. मी आभार मानले तर म्हणाला, "उस्तादांचं काम आहे वहिनी. मला हाताला धरून शिकवलं त्यांनी." मग जरा घुटमळला. "एक विचारू? मागे बाजारात अगदी समोरून गेले, मी नमस्कार केला, ओळखसुद्धा दाखवली नाही. माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "मनावर घेऊ नका. हल्ली ते सगळ्यांवरच रुसलेत."

घरी येऊन नानांना सांगितलं. मग म्हणाले, "त्याला सांग, चुकलं नाही काही त्याचं." तुम्हीच सांगा की, फोन करून! पण मी बोलले नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

चहा करते असं सांगून घरात आलेय. चहा ठेवलेला नाही. आधी हे लिहून काढते.

सकाळी सगळं छान चाललं होतं. नवं गॅस्केट, नवा पाण्याचा पंप, हेड जागेवर, दहा बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने तीन खेपांत आवळले. मग टायमिंगचा पट्टा. खाली एक दातेरी चाक, वर एक दातेरी चाक, दोघांवरून एकच पट्टा फिरतो. दोन्ही चाकांच्या खुणा आपापल्या जागी जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर आत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि केलेलं सगळं पाण्यात.

खालची खूण जुळली. वरच्या चाकाशी हेडवर दोन रेघा दिसत होत्या, त्यातली खरी कोणती ठरेना. मी म्हटलं, "नाना, आता तुम्ही उठा. हे मी एकटी ठरवणार नाही."

"तू सांग, काय दिसतं."

"सांगून नाही भागणार. या."

आले. वाकले. खूप वेळ वाकून राहिले. चाकावरून बोट फिरवलं. म्हणाले, "बरोबर आहे. घाल पट्टा."

घातला. मग त्यांनी सांगितलं, चावी नाही लावायची, आधी मोठ्या पान्याने इंजिन हातानेच दोन फेरे फिरव. पाऊण फेरा झाला आणि पाना अडला. मी जोर लावायला गेले.

"सोड! हात काढ!" एवढ्या जोरात ओरडले की पाना खाली पडला.

फडक्याने सगळं पुसलं, माझं दातांचं भिंग लावून पाहिलं. मी जिथे जुळवली होती ती रेघ नव्हतीच, जुना ओरखडा होता. खरी खूण तीन दात पलीकडे, ठसठशीत कोरलेली. ऊन थेट तिच्यावर पडलं होतं. शाळकरी पोरालाही दिसली असती.

मी संतापून मागे वळले. "तुम्ही बघितलंत ना" हे शब्द तोंडात आले होते. नाना हात पुसायला फडकं शोधत होते. पिवळं फडकं, त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर पडलेलं, आणि ते दुसरीकडेच चाचपडत होते.

मी पाना उचलला आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. डावीकडे नेला. उजवीकडे नेला.

डोळे होते तिथेच राहिले.

तोच दिवस, दुपार

मागची पानं वाचली. अकरा तारखेचं वाचून रडायला आलं. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि त्यांनी दार बंद केलं, असं लिहिलंय मी. दिवसभर लोकांच्या दातांत केसाएवढा फरक शोधते, आणि रोज समोर जेवायला बसणारा माणूस मला दिसला नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

काल पुन्हा शेडमध्ये गेलो नाही. आज सकाळी चहाचा कप त्यांच्या हातात दिला, हात सोडला नाही, आणि विचारलं.

"नाना, किती दिसतं?"

मला वाटलं, चिडतील.

"उजव्याने उजेड दिसतो. दारात कोणी उभं राहिलं तर सावली. पायरवावरून तू आहेस हे कळतं. डाव्याने नाही काही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. आधी धुकं होतं."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय!" मग आवाज खाली गेला. "एक सायकलवाली मुलगी अचानक समोर आली. अचानक नाही, ती होतीच, मला दिसली नव्हती. हातभर अंतराने वाचली. त्या दिवशी घरी येऊन चावी तुला दिली."

मी विचारलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "आंधळ्या मिस्त्रीला गाडीपाशी कोण उभं करतं? ताई घेऊन जाईल, खुर्चीत बसवेल, हातात जपमाळ देईल. इथे मला शेडमधला प्रत्येक पाना ठाऊक आहे. इथे मी आंधळा नाही."

मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"त्या रविवारी रेडिएटरच्या पाण्याची बाटली मला दिसली नव्हती. मी टिचकी मारून आवाजावरून ओळखायचो. नळाचं पाणी वाहत होतं, नीट ऐकू आलं नाही. भरलेली आहे म्हणालो. त्याच्या आधीचे तीन रविवारही तसेच. तू पंपाखालचे थर सांगितलेस तेव्हा माझी खात्री पटली. आणि तुला म्हणालो होतो, तू जाळलीस."

"मी पण काटा बघून एक किलोमीटर रेटली, नाना."

"तो किलोमीटर तुझा. त्याच्या आधीचा महिना माझा."

मला राग आला, खरंच आला. तीन आठवडे मी मान खाली घालून वावरले. ते सगळं मी बोलून दाखवलं, पहिल्यांदाच, मोठ्या आवाजात. शेवटी म्हटलं, "मला तुम्ही शिक्षा केलीत असं वाटत होतं."

"शिक्षा?" त्यांना खरंच नवल वाटलं. "अगं, तुझे डोळे उसने घ्यायचे होते मला. मागायला तोंड नव्हतं."

उद्या डॉक्टरकडे जायचं, असं मी ठरवलं. त्यांना विचारलं नाही. तेही नको म्हणाले नाहीत.

२६ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टमास्तरांनी त्यांच्या गाडीतून नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. डावा डोळा काचबिंदूने गेला, तो परत येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय, तो काढता येईल, पण काचबिंदू तिथेही दारात उभा आहे. थेंब आजपासून, शस्त्रक्रिया दहा तारखेला. "अजून सहा महिने घरी बसला असतात तर मी हात वर केले असते," म्हणाले.

नाना अंधारातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. मला म्हणाले, "तू सांग, डॉक्टरांचा चेहरा काय सांगतो?"

"खरं बोलतायत, नाना. आणि काळजी कमी, आशा जास्त दिसते."

परत येताना मला सारखं वाटत होतं, गाडी जळली नसती तर? पहिल्यांदाच त्या एका किलोमीटराचे आभार मानावेसे वाटले. नानांना म्हटलं तर फटकारलं, "इंजिन जाळल्याचं कौतुक नको. पुन्हा काटा वर गेला तर तिथल्या तिथे थांबायचं."

ताईला फोन केला. ती रडली, मग माझ्यावर चिडली, मग पुन्हा रडली. दहा तारखेला राहायला येते म्हणाली. "घेऊन जायला नाही ना?" नानांनी विचारलं. "नाही हो, राहायला," ताई म्हणाली.

२ मार्च, शनिवार

पट्टा काढला. मनात धाकधूक होती की मागच्या शनिवारच्या अडण्यात व्हॉल्व्ह वाकले असतील. नानांनी युक्ती सांगितली: खुणा जुळव, हाताने फिरव, आणि प्रत्येक प्लगच्या भोकावर अंगठा ठेव, हवा ढकलते का बघ. चारही ठिकाणी अंगठा उडाला. हाताने हळू फिरवलं होतं म्हणून वाचलं. चावी मारली असती तर संपलंच होतं. चावी नको म्हणणारे नानाच.

या वेळी खुणा जुळवताना त्यांचं बोट हातात धरलं आणि कोरलेल्या रेघेवर टेकवलं. "हां. ही खरी," ते म्हणाले. मग दोन फेरे. गुळगुळीत. पुन्हा दोन फेरे, माझं समाधान म्हणून.

ऑइल, पाणी, हवा काढणं, सगळं झालं तेव्हा चार वाजले होते. पोस्टमास्तर कुंपणावर कोपरं टेकून उभे. मी चावी फिरवली. घरघर, घरघर, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी.

"रडू नंतर," नाना म्हणाले. "पेट्रोल चढायला वेळ लागतो. अजून एकदा, मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

तिसऱ्यांदा खोकलं, शिंकलं, आणि लागलं. सायलेंसरमधून पांढरा धूर; मग हळूहळू तो विरळ झाला. नाना बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते, डोळे मिटून.

"काय ऐकू येतं ते सांगा," मी म्हटलं.

"चारही पेटतायत," म्हणाले. त्यांचा हात खूप वेळ तिथेच होता.

लेथवाल्याला फोन लावून दिला. नाना त्याच्याशी वीस मिनिटं बोलले. मी आत गेले, ऐकलं नाही.

१० मार्च, रविवार

याच गाडीतून नानांना शस्त्रक्रियेला नेलं. सगळा रस्ता माझा अर्धा जीव काट्यावर. काटा मधोमध, एक रेघही हलला नाही. शस्त्रक्रिया तासाभरात झाली. डोळ्यावर पट्टी, नाना मलाच धीर देत होते.

११ मार्च, सोमवार

पट्टी काढली.

डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली. तीन. एक. पाच. भिंतीवरची दुसरी ओळ वाचली. सगळं स्वच्छ नाही, कडा काळ्या आहेत म्हणाले, नळीतून बघितल्यासारखं. पण नळीच्या पलीकडे जे आहे ते दिसतंय.

मग माझ्याकडे वळले. इतका वेळ बघत राहिले की मी ओशाळले.

"तुझे केस कधी पिकले गं?"

"झाली की दोन वर्षं."

"मला कोणी सांगितलं नाही," म्हणाले. ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

घरी आल्यावर सरळ शेडमध्ये गेले. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलंय, म्हणून ताईने स्टूल दिला. बॉनेट उघडायला लावलं आणि गॉगल घालून, मान तिरकी करून, इंचाइंचाने बघू लागले. मी परीक्षेला बसल्यासारखी उभी. दहा मिनिटांनी सुरुवात झाली. ही वायर पंख्याच्या इतकी जवळ बांधतात का? या नळीची पट्टी उलटी आहे. इथला स्क्रू कुठाय? हा बोल्ट वेगळ्याच जागेचा आहे. ऑइलचं झाकण नीट पुसलेलं नाही. मी वहीच घेऊन आले आणि लिहून घेतलं. एकूण सात चुका.

सातही खऱ्या आहेत. दोन मी उद्या दुरुस्त करणार आहे. बाकीच्या पाचांना हात लावायचा नाही अशी ताकीद आहे. आठवड्याने डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली की त्या नाना स्वतः करणार आहेत.